अळणी आंबिलीचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. तुमच्यापैकी किती जणांनी तुंबा पाहिला असेल, कोण जाणे! कडू भोपळा वेलीवरच पिकू द्यायचा, मग आतला गर काढून तो वाळवायचा, की झाला तुंबा. रानात जाणारा माणूस त्यात पाणी नेतो, आंबील नेतो. आता माझ्या पोटाला तडा गेला आहे आणि मी भागीरथाबाईच्या झोपडीत खुंटीला टांगलेला असतो. माझं पोट रिकामं आणि डोकंही रिकामंच, कारण माझ्याकडं दोन्ही मिळून एकच आहे. पण रिकाम्याला बोलायला फार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा थोडा वेळ बसा आणि ऐका. माझ्याशी बोलायला इथं कुणी येत नाही.

आमचं गाव आलापल्लीच्या जंगलाच्या कडेला आहे. जिल्हा त्या काळचा चांदा. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. भागीरथाबाई ही एकटी बाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिच्या झोपडीमागं चुलीतली राख आणि भांडी धुतलेलं पाणी टाकायची एक जागा होती. तिथं एका पावसाळ्यात एक बी पडलं आणि त्याची वेल झाली. त्या वेलीला लागलेला मी एकुलता एक भोपळा. बाकीची फुलं गळून गेली, त्यामुळं भावंडं म्हणून मला कुणी नाही.

वेलीवर असताना मी पाणी कसं पीत होतो, ते सांगतो. मूळ जमिनीतून पाणी ओढतं आणि ते पाणी वेलभर चढत जातं. ते एकटं चढत नाही, बरं का. मातीतले क्षार आपल्यात विरघळवून सोबत घेऊन येतं. थोडा चुना, थोडं लोखंड, राखेतला क्षार. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण वेलीला ते बरोबर कळतं. शेजारच्या परसात दुसरी एक वेल होती. तिला पाणी माझ्याइतकंच मिळायचं, पण राखेची चिमूट कधी मिळाली नाही. तिची पानं कडेनं पिवळी पडली आणि फळ धरायच्या आधीच ती वाळली. नुसत्या पाण्यावर कुणाचं भागत नाही, हे मी तेव्हाच शिकलो. आणि नुसत्या राखेवर तर मुळीच भागत नाही. एका दुपारी भागीरथाबाई पाणी घालायला विसरली, तर तासाभरात आमची पानं माना टाकून बसली. पान ताठ उभं राहतं ते आतल्या पाण्याच्या जोरावर.

मी पिकलो तेव्हा चांगला चार शेर भरलो होतो. भागीरथाबाईनं मला कापून घेतलं, देठाकडं भोक पाडलं, पाणी भरून आतला गर कुजवला, खडे घालून खळखळ हलवलं आणि चुलीवरच्या धुरात महिनाभर टांगलं. वाळल्यावर मी पावशेरसुद्धा उरलो नाही. म्हणजे इतके दिवस मी 'मी, मी' म्हणत होतो, तो बहुतेक पाणीच होतो! तुम्ही हसाल, पण तुमचीही गत फारशी वेगळी नाही. तुमच्या अंगातही निम्म्याहून जास्त पाणीच आहे.

पुढं भागीरथाबाईनं माझ्याभोवती पळसाच्या मुळ्यांच्या दोरीचं जाळं विणलं, तोंडाला लाकडाचा दट्ट्या बसवला आणि मला घेऊन ती कुपावर गेली. सरकारी जंगलात झाडं तोडायला जो तुकडा आखून देतात, त्याला कूप म्हणतात. तिथं उन्हाळाभर सागाची तोड चालायची. तोडणारे पंचवीस-तीस गडी, मुखरू नावाचा मुकादम आणि पाणी भरायला भागीरथाबाई. नाल्याच्या वाळूत पाझरणारा झिरा उकरून ती दिवसभर मडकी वाहायची. "बाई, पानी!" अशी हाक आली की निघाली. पंचवीस तोंडांना पाणी पाजणारी ही बाई, पण तिला 'तू जेवली काय' असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

त्या गड्यांत लटारू होता. पन्नाशीचा, काटक, अबोल. बायको वारली होती आणि एकुलती लेक कमळा सिरोंच्याच्या बाजूला, नदीपलीकडं दिली होती. तिथं जायचं तर तीन दिवसांची वाट. एक दिवस त्याचं आंबिलीचं मडकं फुटलं आणि तो फुटक्या खापऱ्या गोळा करत उभा राहिला.

"हा घे, भाऊ," भागीरथाबाई म्हणाली आणि तिनं मला त्याच्या हातात दिलं. "माह्या घरच्या वेलीचा हाये. पडला तरी फुटत नाई."

"वापस केव्हा देऊ?"

"देजो केव्हाही. मले कोन हाये आंबील प्यायले."

असा मी लटारूकडं आलो. दोन वर्षं त्याच्या खांद्यावर हिंडलो. पहाटे तो आंबील शिजवायचा. ज्वारीचं पीठ रात्रीच आंबवलेलं, त्यात पाणी, वर खडेमिठाची चिमूट. थंड झाली की माझ्यात ओतायचा. दुपारी झाडाखाली बसून घोटघोट प्यायचा आणि उरलेला घोट मातीवर ओतून म्हणायचा, "कमळे, तुह्यासाठी." लेक तीन दिवसांच्या वाटेवर, आणि हा इथं तिच्या नावानं घोट सांडतो. मला ते पाहून कसंतरीच व्हायचं.

तिसऱ्या वर्षी होळीनंतर एक गोष्ट झाली. लटारूनं नेहमीप्रमाणं आंबील शिजवली, मिठाच्या डबीकडं हात नेला आणि मागं घेतला. माझ्यात ओतली ती अळणी आंबील. मला वाटलं, विसरला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो मला मांडीवर ठेवून, हात जोडून, गावदेवी मातामायशी बोलला. बोलला तो तिच्याशी, पण ऐकायला तिथं मी एकटाच होतो.

"माय, पोट्टीचे दोन लेकरं गेले. आता तिसऱ्यांदा दिवस गेले हायेत. तिचं सुखरूप झाल्याचं माह्या कानावर येईस्तोवर मी मीठ सोडलं. कोनाले सांगत नाई."

आमच्याकडं नवस बोलून दाखवला की त्याचा गुण जातो म्हणतात. त्यामुळं लटारूनं तोंडाला कुलूप लावलं. ठेकेदार आठवड्याला सगळ्यांना मीठ द्यायचा, तेव्हा तोही रांगेत उभा राहून आपला वाटा घ्यायचा. न घ्यावा तर लोक विचारतील ना! आणि ते मीठ तो लाकडं ओढणाऱ्या बैलांना चारायचा. बैल त्याचा हात चाटून चाटून लाल करायचे. जनावराला मिठाची गरज बरोबर कळते. नाल्याच्या काठाला खारी माती होती, तिथं चितळं येऊन जमीन चाटून जायची. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्या रानात मीठ नको म्हणणारा प्राणी एकच, आणि तो माझा मालक.

चैत्र गेला, वैशाख गेला. मित्रांनो, चांद्याकडचं ऊन तुम्ही अनुभवलं नसेल तर मी सांगूनही कळणार नाही. कुऱ्हाडीचं पातं दुपारी हाताला चटका देई. गड्यांच्या अंगातून घामाचे ओघळ चालत आणि वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे उठत. ते पांढरं म्हणजे मीठच. घामातून पाणी जातं आणि त्यासोबत मीठही जातं. बाकीचे गडी संध्याकाळी मिठाची भाकर, मिठाची चटणी खाऊन गेलेलं भरून काढायचे. लटारूचं नुसतं जातच होतं. हळूहळू त्याच्या पाठीवरचे पांढरे पट्टे फिके झाले. ते मला दिसत होतं. मी त्याच्या पाठीलाच तर लटकलेला होतो.

आधी त्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मग डोकं दुखू लागलं, अन्नावरची वासना उडाली. तहान लागली म्हणून तो पाणी पीत सुटला. आंबील संपली की मला चार-चार वेळा पाण्यानं भरून घ्यायचा. प्रत्येक वेळी मी मनात म्हणे, अरे बाबा, पाण्याची कमी नाही तुला! पण तुंब्याच्या मनातलं ऐकणार कोण? मला तोंड आहे ते ओतायला. सांगायला नाही. आयुष्यात मला माझ्या मुकेपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, भर दुपारी, लटारू सागाच्या ओंडक्यावर हात टेकून उभा राहिला आणि तसाच खाली बसला. मग आडवा झाला. पोटऱ्या, मांड्या, पोट, सगळीकडं गोळे. गडी धावले. त्याला सावलीत नेलं, मुखरूनं अंगावर ओलं फडकं टाकलं. ते बरोबरच केलं.

"पानी पाजा त्याले," मुखरू म्हणाला. "ऊन लागलं हाये."

भागीरथाबाई मडकं घेऊन पळत आली. पाणी पाजणं हे तिचं काम, तिचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. तिनं एक लोटा पाजला. त्यानं ओकून टाकला. तिनं दुसरा पाजला. तिसरा पाजला. लटारूचे डोळे फिरू लागले.

"भाऊ, ओळखतं काय मले? मी कोन हाये?"

"कमळे," तो म्हणाला, "एकटी काऊन आली?"

भागीरथाबाईनं मुखरूकडं पाहिलं. मुखरूनं मान फिरवली. दवाखान्याची माणसं महिन्यातून एकदा यायची आणि ती परवा येणार होती. ठेकेदाराचा ट्रक दोन दिवसांपूर्वीच गेला होता. बैलगाडीनं आलापल्ली गाठायची तर रस्त्यातच सगळं संपलं असतं. मुखरू गाडी जुंपायला म्हणून गेला खरा, पण त्याच्या चालण्यातच कळत होतं की त्याला आशा नाही. बाकीचे गडी जरा लांब जाऊन बसले. मरणाजवळ बसायला कुणाला आवडत नाही. सावलीत उरलो आम्ही तिघं. लटारू, भागीरथाबाई आणि मी.

खरं सांगतो, त्या क्षणी कुणी मला दगडावर आपटून फोडलं असतं आणि आतून एक शब्द निघाला असता, तर मी आनंदानं फुटलो असतो.

भागीरथाबाई सकाळपासून उपाशी होती आणि तिलाही भोवळ आली होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं, मला ओढलं, दट्ट्या काढला आणि उरलेल्या आंबिलीचा एक घोट घेतला. तो तिनं गिळला नाही. तोंडात तसाच धरून ठेवला. मग हळूच गिळला आणि पुन्हा एक घोट घेऊन पाहिला.

"अळनी," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं लटारूची शिदोरी सोडली. भाकरीचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. तीही अळणी. चटणी नावालाही नव्हती.

आमच्याकडच्या बाईला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. गरीबाच्या शिदोरीत भाजी नसेल, पण मीठ असतंच. मीठ नाही याचा अर्थ एकच, माणसानं ते सोडलं आहे. ती त्याच्या कानाशी वाकली.

"लटारूभाऊ, कोनासाठी सोडलं मीठ?"

"कमळेचं... सुखरूप होऊ दे..."

"कधीपासून?"

तिनं बैलांकडं पाहिलं. रोज त्याच्या हातून मीठ चाटणारे बैल. तिच्या सगळं ध्यानात आलं.

ती चुलीकडं पळाली. गड्यांसाठी भात शिजतच होता. वरची पेज एका वाटीत काढली, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, बोटानं ढवळलं, चाखून पाहिलं. फार खारट नाही, अगदी अळणीही नाही. वाटी फडक्यानं वारा घालून निववली आणि पहिला घोट लटारूच्या ओठांना लावला.

आणि मित्रांनो, तो शुद्धीत नसलेला माणूस, ज्याला समोरचं कोण हेही कळत नव्हतं, त्याला मीठ कळलं. त्यानं घोट थुंकला. दात गच्च मिटले. "मीठ नाई," तो म्हणाला, "पोट्टी मरन माही."

आता काय करावं? जबरदस्तीनं पाजावं तर तो जगेल, पण उद्या कमळेला काही झालं तर तो स्वतःला कधी माफ करणार नाही. न पाजावं तर तो संध्याकाळ पाहणार नाही. भागीरथाबाईनं वाटी खाली ठेवली. लटारू तिचा कोण? कुणी नाही. नात्याचा नाही, गोत्याचा नाही. दोन वर्षांत दोघांचं बोलणं झालं असेल तर पाणी दे, घे, एवढंच.

मग ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश म्हणाली, "ऐक, भाऊ. मीठ आता मी सोडलं. तुह्या बदली. कमळेचं सुखरूप झाल्याचं कानावर येईस्तोवर मी खात नाई. मातामायले सांगून राह्यली. तुहा नवस माह्याकडं आला. आता तू खाय."

लटारूचे दात सैल झाले.

घोटघोट पेज. घोट दिला की थांबायचं, पुन्हा घोट. पहिली वाटी अर्धी ओकली, दुसरी राहिली. ऊन कलेपर्यंत पोटऱ्यांतले गोळे सुटले. दिवेलागणीला त्यानं मुखरूला ओळखलं आणि विचारलं, "बैलाले पानी दाखवलं काय?" मुखरू हसला आणि त्यानं डोळे पुसले. जुंपलेली गाडी त्यानं सोडून टाकली. कानात काय सांगितलं गेलं होतं, ते लटारूला मुळीच आठवत नव्हतं. दुपारपासूनची त्याची सगळी पाटी कोरी होती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याचे कंपाउंडर गुणवंतराव सायकलवरून आले. त्यांनी लटारूची जीभ पाहिली, नाडी पाहिली, सगळी हकिगत विचारली आणि गड्यांना समोर बसवून सांगितलं.

"आपल्या रगतात मीठ हाये, घामात हाये. सूरजागडच्या दगडात जो लोहा हाये, त्याचाच थोडासा अंश रगत लाल करते. हाडात चुना हाये. हे सारं पान्यात विरघळून अंगभर फिरते, तवा हात हालते, काळीज ठोकते. मीठ गेलं अन् तुमी नुसतं पानीच पाजत गेले, तर रगत अजून पातळ होते. मंग डोस्कं फिरते. पानी जीवन हाये, पन मिठाबिगर तेच पानी घात करते. पेज कोनं पाजली?"

"बाईनं," मुखरू म्हणाला.

"बाईनं डाक्टरकी केली मनजे," गुणवंतराव म्हणाले. मग लटारूकडं वळले. "अन् तू काऊन मीठ खात नोतं?"

लटारू खाली मान घालून कुऱ्हाडीचा दांडा पुसत राहिला. गुणवंतरावांनी फार खोदलं नाही. जाताना बजावून गेले, "उनात काम करनाऱ्यानं मीठ सोडू नये. कोनीच नाई." भागीरथाबाई मडकं घासत होती. तिनं ते ऐकलं आणि तशीच घासत राहिली.

लटारूनं मीठ पुन्हा खायला सुरुवात केली, कारण नवस मोडलाच असं त्याला वाटत होतं. आत खूप कुढत होता. आपल्या जिवासाठी लेकीचा जीव पणाला लावला, असं म्हणून एकदा माझ्यासमोर रडलाही. नवस मोडलेला नाही, तो तिकडं पलीकडच्या चुलीवर शाबूत आहे, हे मला ठाऊक होतं. भागीरथाबाईनं सांगितलं असतं तर त्याचं मन हलकं झालं असतं. पण सांगितलं की गुण जातो. दोन माणसं वीस पावलांवर जेवायला बसत. एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं आणि मधे मी मुका.

आठवड्यानं भागीरथाबाई दोन दिवसांसाठी गावी गेली. पाऊस जवळ आला होता आणि झोपडी शाकारायची होती. नेमका त्याच दुपारी ठेकेदाराचा ट्रक आला, पावसाळ्याआधीची शेवटची खेप न्यायला. ट्रक चालवणारा अयूब चांद्याचा. सिरोंच्याच्या रस्त्यानंही त्याच्या खेपा असायच्या. बाकीचे गडी दूर रानात ओंडके ओढत होते. लटारू एकटाच समोर दिसला, तशी त्यानं गाडीतूनच हाक मारली.

"लटारूभाऊ! नाना झाले तुम्ही! पोरगी झाली कमळाले. दोघी एकदम खुशाल. धा-बारा रोजाची झाली पोरगी. कमळाचा मालक भेटला होता रस्त्यात, त्यानंच सांगितलं."

दहा-बारा रोज! म्हणजे लटारू सावलीत पडून दात मिटत होता, तेव्हा नात आधीच जन्मली होती. नवस कधीच फळला होता. जंगलात बातमी पायी चालते, आणि हिनं तर वाटेत बसून विसावाही घेतला होता.

लटारू ओंडक्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग ट्रकच्या दाराला लटकला. "मले नेता काय, भाऊ?" अयूब म्हणाला, चला. लटारूनं धोतर-कांबळं गुंडाळलं. जाता जाता त्यानं मला भागीरथाबाईच्या पालाच्या खुंटीवर टांगलं आणि दूर उभ्या मुखरूला ओरडून सांगितलं, "बाईले सांगजो, तुंबा ठेवला म्हून! मी चाललो लेकीकडं!" ट्रकच्या आवाजात मुखरूला अर्धंच ऐकू आलं.

भागीरथाबाई परत आली तेव्हा कूप मोडत आलं होतं. "लटारूभाऊ कोठी गेला?" तिनं विचारलं.

"लेकीकडं गेला ना. धावतच गेला."

"काऊन? काय खबर आली?"

"मले नाई ठाऊक, बाई. ट्रकात बसला ना गेला."

तिचा चेहरा मी खुंटीवरून पाहिला. धावत गेला म्हणजे काय समजायचं? आनंदानंही माणूस धावतो आणि आभाळ कोसळल्यावरही धावतो. तिनं मला काढून घेतलं, छातीशी धरलं आणि गावाची वाट धरली. त्या आठवड्यात पाऊस लागला, नाले भरले, रस्ता बंद झाला. कूप मोडलं, गडी आपापल्या गावी पांगले. बातमी आणायला आता कुणीच उरलं नाही.

त्या पावसाळ्यात मी जे पाहिलं, ते कुणाला पाहायला लागू नये. आषाढात रोवणी आली. भागीरथाबाई गुडघाभर चिखलात दिवस दिवस वाकून धानाची रोपं लावायची आणि घरी येऊन अळणी पेज प्यायची. श्रावणात तिच्याही पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. एकदा बांधावर चक्कर येऊन पडली. बायांनी उचलून आणली. शेजारची मंगली म्हणाली, "बाई, तुम्ही जेवत नाई काय नीट?" बाई म्हणाली, "जेवतो ना." मंगलीनं विचारलं हेही खूप झालं. पण चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून कुणी पाहिलं नाही. गुणवंतरावांचे शब्द तिला तोंडपाठ होते. मिठाची डबी कोनाड्यात भरलेली होती. रोज तिची नजर डबीवर जायची आणि ती मनाशी म्हणायची, "अजून खबर नाई आली." एका न पाहिलेल्या पोरीसाठी, नात्याच्या नसलेल्या माणसासाठी! मला तिचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा.

दिवाळी झाली, वाट वाळली. कार्तिकात अयूबचा ट्रक पुन्हा कुपाकडं निघाला आणि पाणी प्यायला आमच्या दारी थांबला. भागीरथाबाईनं लोटा दिला. पण तिला विचारायचा धीर होईना. लोटा रिकामा झाला तेव्हा तिनं एकदाचं विचारलं, "लटारूभाऊची काई खबर?"

"लटारूभाऊ? मजेत! तिथंच राह्यले. नात खेळवते दिवसभर, लय गुटगुटीत पोरगी हाये." अयूबनं कपाळावर हात मारला. "अरे हो! त्यांनी तुमच्यासाठी गूळ देल्ला होता अन् निरोप बी. 'बाईनं मले पेज पाजली, तिले सगळ्यात आधी सांगजो,' म्हने. पावसात गाडी अडकली ना, बाई. गुळाचं पानी झालं. माह्या बी ध्यानातून निघून गेलं."

"पोरगी कधी झाली?"

"जेठ महिन्यात. खुशखबर तर मीच घेऊन आलो होतो."

भागीरथाबाईनं बोटांवर मोजलं. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. मोजून झाल्यावरही बोटं तशीच धरून ठेवली. अयूबला तिनं काही बोल लावला नाही. "बरं झालं, भाऊ," एवढंच म्हणाली. ट्रक गेला. ती आत आली, डबी काढली, मिठाचा एक खडा तळहातावर घेतला आणि कोपऱ्यात बसली. खडा तोंडात टाकायच्या आधीच ती रडू लागली. मला मांडीवर ओढून घेतलं आणि माझ्या तोंडावर कपाळ टेकून रडली. पोरगी जगली म्हणून रडली. आपल्याला कुणी सांगितलं नाही म्हणूनही रडली.

तिच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून माझ्यात आलं. मित्रांनो, ते खारट होतं. पाच महिने जिनं मिठाचा कण जिभेला लावला नव्हता, तिच्या आसवांत मीठ होतं. पोटात जाणं बंद झालं तेव्हा शरीरानं आतलं मीठ कंजुषाच्या मुठीनं धरून ठेवलं होतं. जगण्यासाठी ते इतकं लागतं, आणि बाईनं तेच दुसऱ्यासाठी देऊन टाकलं होतं.

तेव्हा माझं एवढं ऐका. उन्हात राबणाऱ्याला पाणी द्या आणि त्यासोबत मीठही द्या. एकटं जेवणाऱ्याच्या भांड्यात एकदा डोकावून पाहा. आणि तुमच्या घरी आनंदाची बातमी आली, तर ती दाबून ठेवू नका, उद्यावर टाकू नका, शेजारी सांगा, वाटेवरच्याला सांगा, पाणी भरणाऱ्या बाईलाही सांगा. कुठं कोण तुमच्यासाठी मीठ सोडून बसलं आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.